घरी दुरुस्तीसाठी कोणती जुनी बुलेट घ्यावी : लोखंडी की यूसीई?

मराठवाड्यात जुनी बुलेट घेऊ पाहणाऱ्यासमोर बहुतेक वेळा दोन पर्याय येतात. एक म्हणजे २०१० च्या आसपास बंद झालेले कास्ट आयर्न, म्हणजे मिस्त्र्यांच्या बोलीतले ‘लोखंडी’ इंजिन. आणि दुसरे म्हणजे त्याच सुमारास आलेले यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन), ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच सांगाड्यात बसवलेले आहेत. दोन्ही ३४६ सीसीची, दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर, त्यामुळे कागदावर फारसा फरक दिसत नाही. मात्र गाडी गॅरेजवर न सोडता घरच्या अंगणात स्वतःच सांभाळायची असे ज्याने ठरवले आहे, त्याने कोणती कमी बिघडते एवढेच विचारून भागत नाही. बिघडल्यावर ती आपल्या पान्यांनी उघडते का, हे आधी पाहावे लागते. (यूसीईच्या आधी काही वर्षे आलेले एव्हीएल हे अॅल्युमिनियमचे इंजिन येथे मुद्दाम घेतलेले नाही, त्याचे सुटे भाग शोधण्यातच हौस संपते.)

लोखंडी इंजिनाचा मोठा गुण असा की त्यात जवळजवळ प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. उजव्या बाजूचे लहान झाकण काढले की कॉन्टॅक्ट पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारे उघडझाप करणारे संपर्क, समोर येतात. त्यांची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची, तोंडे काळवंडली असतील तर बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्यायची, आणि तरीही मिसिंग (ठिणगी चुकून इंजिन अडखळणे) राहिले तर कंडेन्सर बदलून पाहायचा. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्याचे, काम तर फीलर गेजशिवायही (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांशिवायही) होते. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा आणि उजव्या बाजूचे टॅपेटचे झाकण उघडावे. आत व्हॉल्व्ह उघडणारे दोन पुशरॉड उभे दिसतात. चिमटीत धरून फिरवल्यावर रॉड सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खडखडता कामा नये. घट्ट असेल तर लॉकनट सैल करून थोडा उतरवावा, खडखडत असेल तर किंचित वर घ्यावा, आणि लॉकनट आवळून झाल्यावर पुन्हा एकदा फिरवून पाहावे, कारण आवळताना माप हमखास सरकते. तीन पातळ पाने आणि थोडा संयम एवढ्यावर हे काम निभावते. क्लचही तसाच सोपा आहे. उजव्या गिअरच्या जुन्या मॉडेलमध्ये डावे फूटरेस्ट आणि ब्रेकचे पेडल बाजूला केले की चेनकेसचे झाकण मधल्या एकाच नटावर सुटते आणि क्लच समोर येतो.

या सोयीची किंमत वारंवार द्यावी लागते. इंजिनाचे ऑइल वेगळे, चेनकेसचे वेगळे आणि गिअरबॉक्सचे वंगण वेगळे, त्यामुळे तीन ठिकाणी लक्ष ठेवणे आले. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइलच्या टाकीतले ऑइल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पोकळीत, उतरते. ते न ओळखता कमी दिसते म्हणून वरून ऑइल भरणारे पुष्कळ आहेत, आणि मग ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल बाहेर पडू लागले की इंजिन गेले अशी समजूत होते. पातळी गाडी थोडी चालवून आल्यावरच पाहावी. दुसरी अडचण मापांची. जुन्या मॉडेलवरचे काही नट-बोल्ट इंग्रजी मापाचे आहेत आणि त्यांवर मेट्रिक पाना ‘जवळपास’ बसतो. हा जवळपास बसणारा पानाच नटाचे कोपरे खातो. जुन्या अवजारांच्या बाजारात इंग्रजी पान्यांचा जोड मिळाला तर गाडीच्या आधी तो घ्यावा, असे माझे मत आहे.

यूसीईकडे वळले की रोजचा त्रास एकदम कमी होतो. पॉइंट नाहीत, त्यांच्या जागी टीसीआय हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. हायड्रॉलिक टॅपेट असल्यामुळे ते जुळवण्याचा प्रश्नच येत नाही. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना मिळून १५डब्ल्यू५० दर्जाचे एकच ऑइल लागते, त्यामुळे ऑइल आणि कागदी फिल्टर बदलणे हे रविवार सकाळचे काम होते. प्लग मात्र दोन आहेत, आणि एकच बदलून मिसिंग तसेच ठेवणारे मिस्त्रीही पाहायला मिळतात.

पण यूसीई जेव्हा खरोखर अडते, तेव्हा अंगणातले काम संपते. टॅपेट वाजू लागला तर जुळवण्यासारखे तेथे काही नसते. ऑइल आणि त्याचा दाब तपासावा लागतो, नाहीतर भागच बदलावा लागतो. सेल्फ मारताना खर्रकन आवाज येऊ लागला तर स्टार्टरचा स्प्रॅग क्लच (स्टार्टरची गती इंजिनाला एकाच दिशेने देणारा भाग) झिजलेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि तो बदलायला डाव्या बाजूचे झाकण उघडून मॅग्नेट (क्रँकवरचे वीज निर्माण करणारे चाक) काढावा लागतो. त्यासाठी योग्य पुलर नसेल तर हातोडीने प्रयत्न करणे म्हणजे खर्च दुप्पट करणे. अॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षे बसलेले स्क्रू उघडताना तुटतात, तेही धरून चालावे. इग्निशन बॅटरीवर अवलंबून असल्यामुळे बॅटरी पूर्ण बसल्यावर किकचा भरवसा राहत नाही. पॉइंटच्या लोखंडी गाडीत हा दोष बराच सौम्य आहे, मात्र तिची किक शिकावी लागते: अॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेशनची दांडी (सिलिंडरमधला दाब सोडणारी) दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मग पूर्ण किक मारायची. घरातील इतरांनीही गाडी चालवायची असेल तर हा मुद्दा, आणि त्याच्या जोडीला उजव्या पायाचा गिअर, निर्णय फिरवू शकतो.

कार्ब्युरेटरचा फरक आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे, कारण पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि या दोन्ही गाड्या ते डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या नाहीत. लोखंडी गाडीचा साधा स्लाइडचा कार्ब्युरेटर दोन स्क्रू सोडून साफ करता येतो. कार्ब्युरेटरवाल्या यूसीईत सीव्ही प्रकार असून त्यात पातळ रबरी पडदा असतो. तो फाटला किंवा फुगला की गाडी चालू राहते पण पिकअप धरत नाही, आणि नवखा माणूस आठवडाभर प्लग बदलत बसतो. दोन्हींसाठी नियम एकच ठेवावा: गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट बाऊल रिकामा करावा आणि पेट्रोलचा पाइप कडक किंवा चिकट झाला असेल तर बदलावा.

धूळ आणि काळी माती कोणत्याच इंजिनाला सवलत देत नाही. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीची चेन चिखल वाळण्याआधी धुऊन तिला ९० नंबरचे गिअर ऑइल लावणे आणि उन्हाळ्यात एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीआधीच पाहणे, एवढे दोन्हीकडे सारखे.

वापराचा प्रश्न उरतो. बीडहून संभाजीनगर किंवा तुळजापूर असा सोलापूर–धुळे महामार्गावरचा प्रवास नेहमीचा असेल, तर मे महिन्यातल्या ४२ अंशांत लोखंडी इंजिन ताशी ६०–६५ च्या पुढे तासन् तास दामटणे योग्य नाही. यूसीई हा ताण अधिक समजूतदारपणे घेते. उलट, बोअर-पिस्टनचे मोठे काम निघालेच तर दोन्हींचे हेड आणि बॅरल घरी उतरवता येते, पण बोअरिंगसाठी जालना, लातूर किंवा वाळूजसारख्या कारखानदारीच्या गावातला चांगला लेथवालाच गाठावा लागतो. त्यामुळे लोखंडी गाडीही शंभर टक्के घरची राहत नाही, हे विकणारा सांगत नाही.

माझा कौल असा. घरात हीच एक गाडी असेल आणि सकाळी कामावर जायचेच असेल, तर कार्ब्युरेटरवाली यूसीई घ्यावी. ऑइल, प्लग, ब्रेक, चेन आणि केबल घरी करावी आणि मॅग्नेटच्या बाजूचे काम बिनदिक्कत बाहेर द्यावे. दुसरे वाहन हाताशी असेल आणि महिन्यातून दोन-तीन वेळा पाना धरण्यात आनंद वाटत असेल, तर लोखंडी बुलेटइतके शिकवणारे यंत्र या किमतीत दुसरे नाही.

पाहायला जाताना सकाळी जावे आणि आपण येईपर्यंत गाडी चालू करू नये, असे विकणाऱ्याला आधीच सांगावे. इंजिनावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी, मगच सेल्फ किंवा किक मारावी. स्प्रॅगची खरखर थंडपणीच नीट ऐकू येते, आणि गरम इंजिन दुसऱ्याच किकला चालू झाले याला काही अर्थ नाही. यूसीईत ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक भुकटी असणे स्वाभाविक आहे, चकत्या किंवा तुकडे दिसले तर परत फिरावे. लोखंडी गाडीबाबत नोंदणीची मुदतही पाहावी, कारण १५ वर्षे उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि ते राहिलेले असेल तर तो खर्च व्यवहारात धरावा. चेसिस क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहण्यासाठी सोबत एक फडके आणि थोडे डिझेल न्यावे. जुन्या फ्रेमवर तो ग्रीसच्या थराखाली असतो.