लायसोझाइम स्फटिकीकरण संच : उन्हाळ्यातल्या प्रयोगशाळेतून परीक्षण

परभणीतील आमच्या जैवरसायनशास्त्र विभागाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी प्रथिनांचे स्फटिक तयार करण्याचा एक शैक्षणिक संच मागवला. त्यात २४ वेलची (छोट्या खड्ड्यांची) प्लेट, सिलिकॉनचा लेप दिलेल्या कव्हरस्लिपा (पातळ काचा), ग्रीस, कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्या भागापासून मिळवलेले लायसोझाइम हे विकर (एन्झाइम) प्रथिन, ॲसिटेट बफर (आम्लता स्थिर राखणारे द्रावण) आणि मिठाचे संपृक्त द्रावण एवढे साहित्य येते. साहित्याचा दर्जा उत्तम आहे. माहितीपुस्तिकेबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

पद्धत लोंबत्या थेंबाची आहे. वेलमध्ये ५०० मायक्रोलिटर मिठाचे द्रावण भरायचे, कव्हरस्लिपवर प्रथिनाचा १ मायक्रोलिटर थेंब ठेवून त्यात वेलमधले तेवढेच द्रावण मिसळायचे आणि कव्हरस्लिप उलटी करून ग्रीस लावलेल्या कडेवर हलकेच दाबून बसवायची. थेंबातले मीठ खालच्या द्रावणाच्या निम्मेच असल्यामुळे थेंबातील पाण्याची वाफ हळूहळू खाली जाते, थेंब आटत जातो आणि प्रथिनाचे रेणू शिस्तीने एकमेकांना चिकटू लागतात. ग्रीसच्या वर्तुळात केसाएवढी फट राहिली तरी थेंब वाळतो, म्हणून कव्हरस्लिप बसवल्यावर ती किंचित फिरवून पाहावी.

पुस्तिकेत प्लेट ‘खोलीच्या तापमानाला’ ठेवा, एवढेच लिहिले आहे. हे वाक्य थंड प्रदेशातल्या प्रयोगशाळेसाठी ठीक असेल. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जाणाऱ्या आमच्या गावात ते दिशाभूल करणारे आहे. तापमान वाढले की लायसोझाइमची विद्राव्यता वाढते, त्यामुळे स्फटिक येतच नाहीत किंवा आलेले विरघळतात. शिवाय साधारण २५ अंशांच्या वर नेहमीच्या चतुष्कोनी स्फटिकांऐवजी वेगळ्याच घडणीचे स्फटिक येऊ लागतात. आम्ही प्लेट ठरावीक तापमान राखणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये २० अंशांवर ठेवतो, आणि वीज गेली तरी तापमान एकदम चढू नये म्हणून आत थर्माकोलच्या डब्यात ठेवतो. तापमान वरखाली झाले की कव्हरस्लिपच्या आतल्या बाजूला दव धरते आणि थेंब पातळ होतो, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे.

तापमान सांभाळले तर दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली टोकदार, काचेसारखे स्वच्छ स्फटिक दिसतात. ते मिठाचे की प्रथिनाचे, हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि या संचाची खरी किंमत तिथेच वसूल होते. मिठाचा घनाकृती स्फटिक ध्रुवीकृत प्रकाशात काळाच राहतो, तर चतुष्कोनी लायसोझाइम बहुतेक दिशांनी रंग दाखवते. मात्र प्लेटचा प्लॅस्टिकचा तळ स्वतःच रंगतो, म्हणून कव्हरस्लिप उचलून खड्डा असलेल्या काचपट्टीवर ठेवावी; पुस्तिकेत याचाही उल्लेख नाही. सुईच्या टोकाने दाबले की प्रथिनाचा स्फटिक सहज चुरा होतो, कारण त्याच्या आकारमानाचा मोठा हिस्सा पाण्याचा असतो. मिथिलिन ब्लूचा रंगही त्या पाण्याच्या वाटांनी आत शिरतो. मिठात शिरत नाही.

संगणक आज प्रथिनाच्या रचनेचा अंदाज देतो, मग हा खटाटोप कशाला, असेही विद्यार्थी विचारतात. असा अंदाज देणारा अल्फाफोल्ड हा संगणकीय कार्यक्रम ज्या रचनांवर शिकला, त्यांतल्या बहुसंख्य क्ष-किरणांनी स्फटिक तपासूनच मिळाल्या होत्या. अशा रचनांचा संग्रह असलेली प्रथिन डेटा बँक १९७१ साली अवघ्या सात रचनांवर सुरू झाली आणि १९६५ साली याच लायसोझाइमच्या रचनेने विकराच्या कामाची जागा प्रथमच डोळ्यांसमोर आणली. विद्यार्थ्याच्या हातून असा एखादा स्फटिक घडला की पुढचे सगळे धडे त्याला आपले वाटतात.

स्फटिकीकरणाच्या ५० वेगवेगळ्या परिस्थिती तपासणारे महागडे स्क्रीनिंग संच महाविद्यालयांनी सुरुवातीलाच घेऊ नयेत. अनोळखी प्रथिन शुद्ध करण्याची सोय झाल्यावरच त्यांचा उपयोग होतो. हा साधा संच मात्र नांदेड, लातूर, धाराशिव येथील विभागांनी जरूर घ्यावा आणि शक्यतो दिवाळीनंतरच्या सत्रात लावावा.