ज्यूकबॉक्स घेताय? आधी मागचं दार उघडायला लावा

इंदूरमध्ये कोणी जुना अमेरिकन ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणं निवडायचं रेकॉर्डचं कपाटाएवढं मशीन) विकतोय म्हणाला तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा, माझे पाऊण लाख गेलेत. एका जुन्या सामानवाल्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, वुर्लिट्झर कंपनीचा १०१५, १९४६ चं मॉडेल, कमानीत बुडबुडे वर चढतायत, बटण दाबलं की रेकॉर्ड लागते, आर्म, म्हणजे सुईचा दांडा, येतो नि गाणं सुरू. "अंकल, पूरे एमपी में ऐसा पीस नहीं मिलेगा." आधी टोकन, मग बाकीचे यूपीआयने, सामान नंतर.

रामबागेतले आमचे काका पूर्वी रेडिओ रिपेअर करायचे, त्यांनी मागचं दार उघडलं आणि हसायलाच लागले. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर गायब, तिथे ब्लूटूथची पट्टी, पेन ड्राइव्ह नि कारचे स्पीकर! आर्मला सुईच नाही, रेकॉर्ड नुसती गरगर फिरते. आता व्हिडिओ परत बघितला तर गाण्याआधी सुईची खरखर कुठेच नाही. बुडबुडे माशांच्या टाकीच्या पंपाचे. खऱ्या मशीनमध्ये बुडबुड्यांच्या नळ्या सीलबंद असतात, आत मिथिलीन क्लोराइड, खालून जरा गरम झालं की उकळतं.

आणि मुळात खरं १०१५ फक्त ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) रेकॉर्डी घेतं, त्याही २४ च. याच्यात ४५ च्या छोट्या तबकड्या आणि शंभर गाण्यांची यादी! ४५ वाजवणारा पहिला ज्यूकबॉक्स सीबर्ग कंपनीचा, १९५० चा. वुर्लिट्झरनेही १९८६ मध्ये १०१५ सारखंच दिसणारं नवं मॉडेल काढलं, ते ४५ वाजवतं, पण ते १९४६ चं म्हणून कसं खपवणार?

शिवाय अमेरिकन मशीन इथल्या विजेवर चालावं म्हणून "ट्रान्सफॉर्मर फ्री", म्हणजे सोबत फुकट देतो, म्हणून भुलवतात. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, विजेची सायकल (हर्ट्झ) नाही. तिकडे अमेरिकेत ६०, आपल्याकडे ५०, म्हणजे मोटर बदलली नसेल किंवा पुली, तर ४५ ची रेकॉर्ड साडेसदतीसने फिरणार आणि लताबाईंचा आवाज पुरुषासारखा येणार. तेव्हा व्हिडिओ कॉलवर मागचं दार उघडायला लावा, मशीनच्या सीरियल नंबरची पट्टी दाखवायला सांगा, सुई जवळून बघा, आणि गाणं चालू असताना सुई उचलायला सांगा, आवाज बंद झाला पाहिजे.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केलीय, बँकेलाही कळवलंय. विकणारा म्हणतो एक्सचेंज करून देतो, फक्त भाडं ॲडव्हान्स पाठवा. अजिबात नाही. तोच व्हिडिओ आता वडोदऱ्यातल्या माझ्या मावसभावाला आलाय, किंमत पंधरा हजारांनी वाढवून.