हेल्पलाइन, कॉलेजचा काउन्सेलर की थेट सायकिअ‍ॅट्रिस्ट?

आधी हे, कारण बाकी सगळं नंतर वाचलं तरी चालेल: जीव द्यायचा विचार पक्का होत चाललाय, कसं ते पण डोक्यात ठरलंय, तर तुलना करत बसू नकोस. कुणालातरी उठव, सोबत घे आणि जवळच्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठ. "एवढ्यासाठी कॅज्युअल्टीत?" हो, ती यासाठी पण असते.

तेवढी वेळ आली नसेल तर चांगलं कोण यापेक्षा लवकर कोण भेटतंय ते बघ.

हेल्पलाइनचा मोठा फायदा म्हणजे रात्री तीनला कॉलेजचं ऑफिस बंद असतं पण चोवीस तासवाली लाइन चालू असते, आणि नाव सांगायलाच हवं असं सहसा नसतं. मी फोन लावला तेव्हा पहिली दोन मिनिटं नुसती रडले, पलीकडच्या बाई म्हणाल्या "मी आहे लाइनवर, घाई नाही". पण दर वेळी माणूस वेगळा, सगळी कहाणी पहिल्यापासून, आणि उपचार तिथे होत नाहीत. रात्र निघते, सेमिस्टर नाही.

काउन्सेलरकडे तोच माणूस पुन्हा भेटतो, 45-50 मिनिटं फक्त तुझी, शिवाय अटेंडन्स, परीक्षा पुढे ढकलणं यात कुणाला भेटायचं हे त्यांना माहीत असतं. घरी कळेल का? सहसा नाही, पण जिवाला धोका वाटला तर ते इतरांना सांगू शकतात, पहिल्याच भेटीत स्पष्ट विचार. खरी अडचण वेटिंगची. मी फॉर्मवर "अभ्यासात लक्ष लागत नाही" असं सभ्यपणे लिहिलं आणि अकरा दिवसांनंतरची तारीख मिळाली, चूक माझीच, "मरायचे विचार येतात, आज भेटता येईल का" असं लिहायला हवं होतं.

मित्र? सोबत यायला उत्तम, उपचाराला नाही.

झोप-भूक दोन आठवडे गायब आहे, अंथरुणातून उठवत नाही, किंवा कुणी नसताना आवाज ऐकू येतात, तर सायकिअ‍ॅट्रिस्ट. ते डॉक्टर असतात, औषध देतात, कधी थायरॉइडची टेस्टपण सांगतात, कारण त्यानेही माणूस असा ढेपाळतो. डिप्रेशनच्या गोळ्यांचा असर दिसायला 2 ते 4 आठवडे, कधी जास्तच लागतात, आणि 25 च्या आतल्या काहींना सुरुवातीला मरायचे विचार वाढू शकतात, तसं झालं तर लगेच डॉक्टरांना फोन कर, मनाने गोळी बंद करू नकोस. काउन्सेलिंग सोबत चालू ठेवता येतं, दोन्हीतलं एकच निवडायचं असं काही नाही.

मला तिथे पीएचक्यू-9 नावाचा, डिप्रेशन किती आहे ते बघायचा कागद दिला, नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 (अजिबात नाही) ते 3 (जवळजवळ रोज). नववा मरण्याच्या विचारांचा. मी सवयीने 0 ला गोल केला, मग खोडला आणि 2 ला केला. डॉक्टरांनी खाडाखोड बघितली, काही बोलले नाहीत, फक्त पुढची भेट महिन्यावरून चार दिवसांवर आणली.