चाहत्यांची यादी हातात घेऊन नऊ महिने: आशियाई सिनेमा पाहण्याचा माझा अनुभव

नऊ महिन्यांपूर्वी मी वहीत एक यादी उतरवायला घेतली. आशियाई सिनेमावर जीव असलेल्या ओळखीच्या मंडळींना एकच प्रश्न विचारला होता: तुमचा सगळ्यात लाडका दिग्दर्शक कोण आणि त्याचा कुठला चित्रपट आधी पाहू? उत्तरं इतकी भरभरून आली की वहीची चार पानं भरली. तेव्हापासून आजपर्यंत ६३ चित्रपट पाहून झाले. काही दोनदा पाहिले, एक तर चारदा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला अशी यादी कितपत कामाला येते, हे आता अनुभवाने सांगू शकते.

आधी निकालच सांगून टाकते. दिग्दर्शकांची नावं डोळे मिटून घ्या, ती चोख आहेत. चित्रपटांची नावं मात्र जपून वापरा. चाहता ज्याला ‘सर्वांत आवडता’ म्हणतो, तो चित्रपट बहुतेक वेळा त्या दिग्दर्शकाचे आठ-दहा चित्रपट पाहून झाल्यावर आवडता झालेला असतो. त्याच्या मनात मागचं सगळं साठलेलं असतं. आपण तोच चित्रपट कोऱ्या मनाने पहिला लावतो आणि मग ‘यात एवढं काय आहे?’ असं होतं.

माझं ओझूच्या बाबतीत हेच झालं. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचं नाव घेणाऱ्या प्रत्येकाने ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) सांगितला होता. ‘साइट अँड साउंड’ मासिकाने २०१२ मध्ये जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला तेव्हा हाच चित्रपट पहिला आला होता. म्हणून मी पहिल्याच आठवड्यात तो लावला आणि चाळीस मिनिटांत बंद केला. म्हातारं जोडपं मुलांना भेटायला टोकियोला येतं, मुलं कामात असतात, एवढीच गोष्ट. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्याही थोडा खालून पाहतो आणि जवळजवळ कधीच हलत नाही. माणसं बोलताना आपल्याकडेच पाहून बोलल्यासारखी वाटतात. मध्येच रिकामी गल्ली, दोरीवरचे कपडे, धुराडं. मला काही धरायलाच सापडेना.

दोन महिन्यांनी एका मैत्रिणीने सांगितलं, आधी ‘लेट स्प्रिंग’ (१९४९) पाहा, मग ‘अर्ली समर’ (१९५१), मग परत ये. तसंच केलं. तिन्ही चित्रपटांत सेत्सुको हारा आहे आणि तिन्हीत तिच्या पात्राचं नाव नोरिको आहे, पण बाई प्रत्येक वेळी वेगळी. चिशू र्यू पहिल्यात तिचा बाप, दुसऱ्यात थोरला भाऊ आणि तिसऱ्यात सत्तरीचा सासरा. ‘टोकियो स्टोरी’च्या वेळी तो माणूस अवघा ४९ वर्षांचा होता! एकदा हे कळलं की तेच चेहरे, तेच दरवाजे, तीच बसण्याची पद्धत ओळखीची होते आणि मग बारीकसा बदलही काळजाला लागतो.

‘टोकियो स्टोरी’ दुसऱ्यांदा पाहताना आई शेजारी होती. आजी धाकट्या नातवाला घेऊन मोकळ्या चढावर जाते, तो प्रसंग आला. नातू गवताशी खेळतोय. ती त्याला विचारते, मोठा झालास की कोण होणार तू? आणि मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणते की तेव्हा मी असेन का. पोरगं उत्तर देत नाही, खेळत राहतं. ओझू तिच्या चेहऱ्याला चिकटत नाही, दोघंही लांबून, लहान दिसतात. सबटायटल्स वाचायचं आईने केव्हाच सोडून दिलं होतं. ती हळूच म्हणाली, “तिला कळलंय गं.” पहिल्या खेपेला हाच प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता आणि मला त्यात काहीही दिसलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम ठरला: एका दिग्दर्शकाचे तीन चित्रपट लागोपाठ पाहायचे, आणि चाहत्यांचा लाडका त्यात शेवटी ठेवायचा.

जपानच्याच अकिरा कुरोसावाला हा नियम लागत नाही. त्याचा कुठलाही चित्रपट पहिल्या दहा मिनिटांत हात धरून आत ओढतो. ‘सेव्हन सामुराय’ (१९५४) २०७ मिनिटांचा आहे म्हणून मी तो टाळत होते, आणि एका बैठकीत संपला. पण माझ्या मनात घर केलं ते ‘इकिरू’ने (१९५२). कर्करोग झालेला सरकारी अधिकारी, ज्याने तीस वर्षं कागदांवर शिक्के मारण्यापलीकडे काही केलं नाही. चित्रपटाचा मोठा भाग शिल्लक असतानाच तो मरतो! पुढे त्याच्या शोकसभेत सहकारी दारू पीत, आठवून आठवून सांगतात की त्याने शेवटच्या महिन्यांत नक्की काय केलं. बर्फात झोपाळ्यावर बसलेला तो, म्हणजे त्याची भूमिका करणारा ताकाशी शिमुरा, तोपर्यंत आपल्याला दाखवलेला नसतो. तो आला की मग बोलणंच खुंटतं.

हाँगकाँगच्या वाँग कार-वायबद्दल वेगळी सूचना. ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००) बहुतेकांच्या यादीत होता आणि तो असायलाच हवा. १९६२ चं हाँगकाँग, अरुंद जिना, शेजार-शेजारची दोन बिऱ्हाडं. ज्यांच्या प्रेमप्रकरणातून ही गोष्ट सुरू होते त्या एका घरातल्या नवऱ्याचा आणि दुसऱ्या घरातल्या बायकोचा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही, हे मला दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं. सांगायचं हे की वाँगच्या चित्रपटांच्या आवृत्त्या पाहून घ्या. काही वर्षांपूर्वी जुने चित्रपट ४के मध्ये नव्याने आले तेव्हा वाँगने स्वतः रंग बदलले, ‘फॉलन एंजल्स’ची (१९९५) तर चौकटच जास्त रुंद केली. चित्रपट त्याचा आहे, त्याचा अधिकार मी मानते. पण मी दोन्ही पाहिल्यात आणि मला जुन्या आवृत्तीतला उबदार लाल रंगच हवा आहे. नव्या आवृत्तीत हिरवट झाक आहे आणि ‘इन द मूड फॉर लव्ह’ची नायिका मॅगी चांग हिच्या कपड्यांची जादू त्यात थोडी मावळते.

तैवानसाठी वेळ राखून ठेवा. एडवर्ड यांगचा ‘यी यी’ (२०००) १७३ मिनिटांचा आहे. त्यातला आठ वर्षांचा पोरगा लोकांच्या डोक्याच्या मागच्या बाजूचे फोटो काढतो, कारण ती बाजू ज्याची त्याला कधीच दिसत नाही. बस, एवढ्या एका कल्पनेवर मी त्या चित्रपटाला आयुष्यभर धरून राहीन. हौ शाओ-श्येनचा ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’ (१९८९) मात्र अवघड गेला, आणि दोष चित्रपटाचा नव्हता. त्यात माणसं तैवानी, मँडरिन, कँटनीज, शांघायची बोली आणि जपानी अशा भाषांत बोलतात. जपानी राजवट नुकतीच संपलीय, चीनच्या मुख्य भूमीवरचं नवं सरकार आलंय, १९४७ चं हत्याकांड जवळ येतंय. कोण कुठल्या भाषेत बोलतंय, यावर तिथे माणसाचा जीव वाचणं-जाणं ठरतं. मी पाहिलेल्या प्रतीत सगळ्या भाषांना एकाच साच्याचं इंग्रजी होतं, आणि नट टोनी लिउंगचं मूकबधिर पात्र कागदावर जे लिहून दाखवतं त्यातलं अर्धं भाषांतरित केलेलंच नव्हतं. ज्या सेवेवर पाहिला तिथे तक्रार करून पाच महिने झाले, उत्तर आलेलं नाही. टोनी लिउंगला तैवानी बोलता येत नव्हतं, म्हणून त्याचं पात्र मूकबधिर केलं गेलं. ही अडचण हौने चित्रपटाचा कणा करून टाकली: एवढ्या भाषांच्या गलबल्यात ज्याला बोलताच येत नाही तो फोटोग्राफर सगळं पाहत राहतो.

सबटायटल्सचा त्रास सगळीकडेच आहे. कोरियनमध्ये, जपानीमध्ये मोठ्यांशी बोलायची रूपं वेगळी, बरोबरीच्यांशी वेगळी. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. तू, तुम्ही, आपण यांतला फरक अंगात मुरलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकाला ते फार खटकतं. आता मी वाचण्यापेक्षा ऐकते जास्त. वाक्याचा शेवट कसा होतोय, आवाज कुठे मऊ पडतोय, हे काही आठवड्यांत कानाला कळायला लागतं.

कोरियासाठी सगळ्यांनी ‘ओल्डबॉय’ (२००३) आणि ‘पॅरासाइट’ (२०१९) सांगितले. दोन्ही पाहिले, दोन्ही जबरदस्त. तरी मी नव्या माणसाला बाँग जून-होचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) आधी देईन. १९८६ ते १९९१ या काळातल्या खऱ्या खूनसत्रावर तो आहे आणि चित्रपट आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. शेवटी नायक साँग कांग-हो थेट कॅमेऱ्यात, म्हणजे थिएटरात कुठेतरी बसलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाहतो. खुनी २०१९ मध्ये डीएनएवरून सापडला. तो १९९४ च्या दुसऱ्याच एका खुनासाठी आधीपासून तुरुंगात होता. हे माहीत असून ती नजर पाहिली, तरी अंगावर काटा येतोच. त्यानंतर ली चांग-डाँगचा ‘पोएट्री’ (२०१०) पाहा, आणि त्यातल्या संध्याकाळच्या बॅडमिंटनच्या खेळापाशी फोन बाजूला ठेवा. तिथे काय होतं ते मी सांगणार नाही.

आता माझी खरी तक्रार. चार पानांच्या यादीत इराणला फक्त दोघांनी जागा दिली होती, आणि माझ्या नऊ महिन्यांतला सर्वांत मोठा ठेवा तिथेच होता. अब्बास किआरोस्तामीचा ‘क्लोज-अप’ (१९९०) हाच तो चारदा पाहिलेला चित्रपट. एक गरीब सिनेमावेडा माणूस ‘मी दिग्दर्शक मखमलबाफ’ असं सांगून एका कुटुंबात शिरतो आणि पकडला जातो. किआरोस्तामीने तो खटला चित्रित केला आणि बाकीची घटना त्याच माणसांकडून पुन्हा करवून घेतली. फसवणारा तोच, फसलेलं कुटुंबही तेच. सुरुवातीला पोलीस आत गेलेले असतात आणि बाहेर थांबलेला टॅक्सीवाला एक रिकामा डबा पायाने ढकलतो. डबा उतारावरून घरंगळत जातो आणि कॅमेरा त्याच्याकडेच बघत राहतो. पहिल्यांदा मला हा वेळकाढूपणा वाटला. चौथ्यांदा पाहताना तो डबा थांबेपर्यंत मीही थांबले. शेवटी खरा मखमलबाफ त्याला मोटरसायकलवर बसवून नेतो तेव्हा आवाज तुटत राहतो, जणू माइक बिघडलाय. ते किआरोस्तामीने मुद्दाम केलंय. त्या दोघांचं बोलणं आपण ऐकायचं नाही, एवढा मान त्या माणसाला दिलाय.

यादीत बायका तर जवळपास नव्हत्याच. ६३ पैकी चार चित्रपट स्त्री दिग्दर्शकांचे, आणि ते चारही मी स्वतः शोधून घातले. जपानच्या किनुयो तानाकाला सगळे दिग्दर्शक मिझोगुचीची नायिका म्हणून ओळखतात, पण तिने स्वतः सहा चित्रपट केले, आणि त्यातला ‘फॉरेव्हर अ वुमन’ (१९५५) स्तनाचा कर्करोग झालेल्या कवयित्रीची गोष्ट इतक्या उघड्या डोळ्यांनी सांगतो की त्या काळात हे कसं जमलं असेल असं वाटतं. हाँगकाँगच्या ॲन हुईचा ‘अ सिंपल लाइफ’ (२०११) म्हाताऱ्या मोलकरणीची सेवा करणाऱ्या माणसाचा आहे. त्यासाठी मोलकरीण झालेल्या डीनी यिपला व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. ॲन हुईचं नाव एकालाही सुचू नये? बंगालीतही सगळ्यांना सत्यजित राय आठवले, ऋत्विक घटक एकालाही नाही. त्याचा ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) पाहिलेला माणूस त्याला विसरूच शकत नाही, म्हणजे बहुधा पाहिलेलाच नसणार.

वहीच्या शेवटच्या पानावर एकाच व्यक्तीने एकच नाव लिहिलं होतं: जपानी दिग्दर्शक मिकिओ नारुसे. पुढे चित्रपटाचं नाव नाही, फक्त दोनदा अधोरेखित केलेलं. काल रात्री ‘व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स’ (१९६०) लावला. बारमध्ये काम करणारी विधवा रोज संध्याकाळी तोच जिना चढते. हिदेको ताकामिने पायरीवर पाऊल ठेवण्याआधी चेहरा नीट करते, ते पाहून मी चित्रपट थांबवला आणि तेवढाच भाग परत पाहिला. अजून दोन नारुसे पाहायचे आहेत, मग त्याच्याबद्दल लिहीन.