फी घेणारी मॅडम आणि फुकटातला मावसभाऊ : ११ महिन्यांचा हिशेब

आमची मुलुंड पूर्वेची तीन मजली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि पगाराशिवाय एकरकमी पैसा पहिल्यांदाच हातात आला. बिल्डरकडून ९ लाख कॉर्पस, महिन्याचं भाडं वेगळं. पैसे खात्यात पडले तसे सल्लागारही उगवले. बँकेचा मुलगा घरी येऊन 'फ्री फायनान्शियल प्लॅनिंग' करून गेला. चार पानांचा प्लॅन, चौथ्या पानावर युलिप, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेली पॉलिसी. बाबांचं म्हणणं, सगळे पैसे आपल्या सहकारी बँकेत एफडीत टाका, अर्धा टक्का जास्त मिळतो, मॅनेजर ओळखीचा आहे.

शेवटी गेल्या जानेवारीत फी घेऊन आर्थिक सल्ला देणाऱ्या पार्ल्याच्या एका मॅडमकडे गेलो. फी ३२ हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७,७६०. हा आकडा घरी सांगायला मला दोन दिवस लागले. सल्ल्याचे पैसे द्यायची आपल्याला सवयच नाही. डॉक्टरला देतो, वकिलाला कुरकुरत देतो, पण 'पैसे कुठे ठेवू' हे विचारायला पैसे?

जाण्याआधी एक गोष्ट तपासली, तुम्हीही तपासा. कार्डावर एआरएन नंबर असेल तर तो माणूस म्युच्युअल फंडांचा वितरक; त्याला कमिशन फंड कंपनीकडून मिळतं. त्यात गैर काही नाही, पण आपण त्याचे गिऱ्हाईक आहोत की माल, हे आधी कळलेलं बरं. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाकडे, नोंदणी केलेल्या सल्लागाराचा नंबर आयएनए अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या साइटवर नावानिशी सापडतो. तो फी आपल्याकडूनच घेतो. ठरावीक फी असेल तर एका कुटुंबामागे वर्षाला १ लाख ५१ हजारांच्या वर घेता येत नाही, रोखीत तर नाहीच. आधी करारावर सही, मग जोखमीची प्रश्नावली, मग सल्ला.

पहिल्या भेटीतच माझी चामडी सोलली गेली. माझ्या पाच पॉलिसी, सगळ्या मावसभावाकडून घेतलेल्या. वर्षाला ९६ हजार हप्ता आणि पाचही मिळून विमा १४ लाख. मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला, एक्सेलमध्ये एका रकान्यात हप्त्यांच्या तारखा, दुसऱ्यात रकमा, खाली मुदतीनंतर मिळणारा अंदाजे पैसा, आणि एक्सआयआरआर, म्हणजे वर्षाला खरा परतावा किती पडतो हे काढणारं सूत्र, लावलं. ५.२ टक्के. 'पीपीएफ ७.१ देतंय,' एवढंच बोलल्या. मी म्हटलं, टॅक्स वाचतो ना! तर ऑफिसने माझी नवी करप्रणाली धरलेली, तिच्यात ८०सी, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरची करसूट, मिळतच नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या, इतकंच.

दोन पॉलिसी संपत आल्या होत्या, त्या चालू ठेवल्या. तीन पेड-अप केल्या, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवल्या, वर्षाचे ६१ हजार सुटले. गणपतीत मावसभाऊ आला, पाच मोदक खाल्ले, तब्येतपाणी विचारलं, पॉलिसीचा 'प'ही काढला नाही. ते जास्त लागलं.

दीड कोटींचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे नुसता आयुर्विमा, जूनमध्येच घ्या म्हणून मॅडम मागे लागल्या होत्या. मी मेडिकलची तारीख पुढे ढकलत राहिलो. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आणि ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या पॉलिसीवर तो लागला नाही. माझ्या आळसाचा आयुष्यातला हा एकमेव फायदा. मधल्या चार महिन्यांत मला काही झालं असतं तर, हे बायकोने ऐकवलं ते वेगळं.

म्युच्युअल फंडांचे ७ लाख २० हजार रेग्युलर प्लॅनमध्ये, म्हणजे वितरकाचं कमिशन कापणाऱ्या प्लॅनमध्ये होते, ते बिनकमिशनच्या डायरेक्टमध्ये न्यायचे होते. मी एका झटक्यात नेणार होतो. पण प्लॅन बदलणं म्हणजे कायद्याने विकून पुन्हा घेणं. इक्विटीवरचा दीर्घ मुदतीचा नफा आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या वर गेला की १२.५ टक्के कर. माझा नफा २ लाख ३० हजारांचा. म्हणून निम्मं मार्चमध्ये, निम्मं एप्रिलमध्ये. कर शून्य. वर्षाला साधारण साडेसहा हजार वाचतील, म्हणजे नुसत्या याच्यावर फी वसूल व्हायला पाचेक-सहा वर्षं. कोणी 'फी एका महिन्यात निघते' म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

बाबांना मात्र मॅडमनी दोन मिनिटांत गप्प केलं. बँक बुडाली तर ठेव विमा एका बँकेत एका माणसाला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच, पुढचं नशीब. बाबांनी पैसे तीन बँकांत विभागले आणि मॅनेजरला चहाला जायचं बंद केलं नाही.

आता तक्रारी. मॅडमच्या प्लॅनची ४६ पानांची पीडीएफ, सगळी इंग्रजीत. निम्मी पानं कोणालाही चालतील अशी रंगीत वर्तुळं. माझा पगार दरवर्षी ८ टक्के वाढेल असं धरलेलं. आमच्या मालकाला दाखवायला हवं ते पान. गावच्या घरातला तीन भावांचा हिस्सा 'इतर मालमत्ता' म्हणून एका ओळीत उरकला. आणि खरी चूक बायकोने पकडली. सगळं वाचून तिने विचारलं, 'नव्या टॉवरचा मेंटेनन्स कुठाय?' जुन्या बिल्डिंगचे २,८०० तसेच पुढे ओढले होते. दोन लिफ्ट, पोडियम पार्किंग, सिक्युरिटी, कमिटीचा अंदाज ९ हजारांचा. मॅडमनी चूक मान्य करून आठवड्यात आकडे बदलून दिले, निवृत्तीचं वय दीड वर्षाने पुढे सरकलं. फोन मात्र नेहमी तिसऱ्या प्रयत्नाला उचलतात.

ज्याच्याकडे एक पगार, एक पीपीएफ आणि दोन एसआयपी आहेत त्याने हा खर्च करू नये. आमच्यासारखा गुंता असेल तर एकदा करावा. रिन्यूअलचा मेल आलाय, १५ हजार. यंदा नाही करणार. पझेशनचं पत्र आलं की पुन्हा वेळ घेईन आणि या वेळी बायकोला पहिल्या मीटिंगपासून बरोबर नेईन.