डिस्नेसाठी दहा महिन्यांची भिशी : गिफ्ट कार्डांचा वापरानंतरचा अनुभव

मार्च २०२४ ते डिसेंबर २०२४ असे सलग दहा महिने आम्ही दर महिन्याला डिस्नेची सहाशे डॉलरची गिफ्ट कार्डे विकत घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या सहलीत ती खर्च केली. आम्ही नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी येथे राहतो. सहलीला आम्ही सहा जण होतो : आम्ही दोघे, सात वर्षांचा मुलगा, तीन वर्षे पूर्ण व्हायला काही आठवडे बाकी असलेली मुलगी आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले सासूबाई व सासरे. ‘पाच टक्के वाचतात’ एवढे एकच वाक्य ऐकून अनेक जण या मार्गाला लागतात आणि आम्हीही तसेच लागलो होतो, म्हणून त्या पाच टक्क्यांचा पूर्ण हिशेब येथे मांडते आहे.

पद्धत अगदी सोपी आहे. टार्गेटच्या दुकानाचे स्वतःचे कार्ड, ज्याला जुने लोक अजूनही रेडकार्ड म्हणतात, वापरून डिस्नेचे गिफ्ट कार्ड घेतले की बिलातून पाच टक्के वजा होतात. हे टार्गेट कार्ड बँक खात्याला जोडलेल्या डेबिट स्वरूपातही मिळते. आम्ही तेच घेतले, कारण क्रेडिट कार्डाचे बिल काही महिने थकले तर व्याजापोटी ही सगळी सवलत गिळली जाते. महिन्याला ५७० डॉलर द्यायचे आणि ६०० डॉलरची कार्डे घ्यायची, असे दहा महिन्यांत ५,७०० डॉलरमध्ये ६,००० डॉलर जमा झाले. लहान लहान कार्डांची थप्पी सांभाळणे जिकिरीचे असते, परंतु डिस्नेच्या गिफ्ट कार्डांच्या संकेतस्थळावर अनेक कार्डांतील रक्कम एकाच कार्डावर वळवता येते. एका कार्डावर जास्तीत जास्त १,००० डॉलर ठेवता येतात. त्यामुळे शेवटी आमच्याकडे सहाच कार्डे उरली आणि ती सासऱ्यांनी औषधांच्या डबीत, रबर लावून, पावत्यांसह ठेवली.

पावत्यांचे महत्त्व आम्हाला जुलैत कळले. त्या महिन्यात घाईघाईत एक कार्ड नेहमीच्या दुकानाऐवजी दुसऱ्याच एका दुकानातून घेतले आणि घरी येऊन पाहिले तर त्यावर शून्य रक्कम दिसत होती, कारण गल्ल्यावर ते कार्यान्वित झालेच नव्हते. पावती जपून ठेवली होती म्हणून दोन हेलपाट्यांत काम झाले, नाहीतर शंभर डॉलरवर पाणी सोडावे लागले असते. दुकानातील फळीवर टांगलेल्या कार्डाचा पिन आधीच खरवडून, क्रमांक टिपून घेऊन, नंतर रक्कम पळवण्याचे प्रकारही या देशात होतात. त्यामुळे कार्ड घेताना वेष्टन नीट पाहावे आणि घरी आल्याबरोबर शिल्लक तपासावी. खर्च होऊन रिकामे झालेले कार्डही आम्ही टाकले नाही, कारण परतावा मिळायची वेळ आली तर तो ज्या कार्डाने पैसे भरले त्यावरच येऊ शकतो.

आता त्या तीनशे डॉलरविषयी. माझ्या नवऱ्याने सहलीनंतर एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन जो हिशेब केला, त्याने माझा उत्साह थोडा ओसरला. २०२४ मध्ये अनेक ऑनलाइन बचत खात्यांवर चार टक्क्यांहून अधिक व्याज मिळत होते. आमचे पैसे मात्र मार्चपासून कार्डांत बिनव्याजी पडून होते. सरासरी पाच महिने धरले तरी साधारण शंभर डॉलरचे व्याज बुडाले, म्हणजे खरी बचत दोनशेच्या आसपास झाली. त्यातही गंमत अशी की, हीच कार्डे पैसे भरायच्या आदल्या आठवड्यात एकदम घेतली असती तर सवलतीचे तीनशेही मिळाले असते आणि व्याजही पदरात पडले असते. गणित त्याचे बरोबर आहे. पण मी त्याला विचारले की, डिसेंबरमध्ये आपल्या खात्यात सहलीसाठी बाजूला काढलेले ५,७०० डॉलर खरोखर शिल्लक राहिले असते का? त्यावर तो हसला. भिशीत कोणी व्याजासाठी पैसे घालत नाही. दर महिन्याला रक्कम हातातून निघून जाते आणि मग ती दुसऱ्या कशावर उडवता येत नाही, यासाठीच भिशी असते. आमच्यासारख्या घरात कार्डांचा खरा उपयोग तेवढाच झाला, आणि तो मी कमी मानत नाही. ज्यांना खात्यातील पैशाला हात न लावण्याची सवय आहे, त्यांनी मात्र महिन्याच्या हप्त्यांच्या भानगडीत पडू नये.

कार्डापेक्षा मोठी बचत तारखांनी केली. डिस्ने वर्ल्डचे तिकीट २०१८ पासून तारखेप्रमाणे बदलते, आणि २०२४ मध्ये एका उद्यानाचे एका दिवसाचे तिकीट सर्वांत स्वस्त दिवशी ११९ डॉलर, तर नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडम या उद्यानासाठी १८९ डॉलर होते. खोल्यांचे भाडेही त्याच रीतीने चढते-उतरते. आम्ही मार्टिन लूथर किंग दिनाची सुट्टी संपल्यानंतरचा आणि फेब्रुवारीतील प्रेसिडेंट्स डेच्या गर्दीआधीचा आठवडा निवडला. त्यासाठी मुलाची शाळा चार दिवस बुडाली. दुसरीतील चार दिवसांची किंमत काय धरायची, हे ज्याने त्याने ठरवावे. सासऱ्यांनी, जे स्वतः पस्तीस वर्षे शाळेत शिकवत होते, ती बरीच जास्त धरली आणि गाडीत बसल्यापासून नातवाकडून पाढे म्हणवून घेतले.

तारीख ठरवण्यामागे धाकटीचा वाढदिवसही होता. तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, आणि तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचे तिकीट मोठ्यांच्या तिकिटापेक्षा फार स्वस्त नसते. सहल वाढदिवसाच्या आधी उरकल्याने एक पूर्ण तिकीट वाचले. त्या एकाच गोष्टीने, दहा महिन्यांच्या सगळ्या कार्डांनी मिळून जे वाचवले, त्याहून अधिक पैसे वाचले.

राहण्यासाठी आम्ही डिस्नेच्याच स्वस्त श्रेणीतील ऑल-स्टार म्युझिकमधला फॅमिली सूट घेतला. त्यात सहा जणांची सोय होते, दोन न्हाणीघरे, मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रीज असतो. बाहेर, जवळच्या किसिमी गावाच्या बाजूला, स्वयंपाकघर असलेली भाड्याची घरे स्वस्त मिळतात, हे खरे आहे. पण तेथे राहिल्यास त्या वेळी उद्यानाच्या पार्किंगचे रोज ३० डॉलर पडत होते, आणि मुख्य म्हणजे गिफ्ट कार्ड तेथे चालत नाही. ही या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा आहे : पैसे एकदा कार्डात गेले की ते फक्त डिस्नेचेच होतात. पेट्रोल, वाटेतला मुक्काम, युनिव्हर्सलची उद्याने, यांपैकी कशालाही ते उपयोगी नाहीत. कॅरीहून ऑरलँडो सुमारे सहाशे मैल आहे आणि त्या प्रवासाचा खर्च आम्हाला वेगळाच काढावा लागला.

खोली आणि तिकिटे आम्ही पॅकेजमध्ये न घेता स्वतंत्र घेतली, कारण सासूबाई-सासऱ्यांना चार दिवस चालवणे शक्य नव्हते आणि त्यांना दोनच दिवसांची तिकिटे हवी होती. खोलीसाठी सुरुवातीला एका रात्रीचे भाडे भरावे लागले. ते आणि नंतरचे उरलेले भाडे दोन्ही कार्डांतूनच गेले. उद्यानातील किरकोळ खरेदी खोलीच्या खात्यावर टाकून, रात्री स्वागतकक्षात कार्डाने चुकती करण्याची सोय आहे आणि ती फार उपयोगी पडली, कारण रोजचा आकडा डोळ्यांसमोर राहिला.

जेवणाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडचे अनेक जण उगीचच असे समजतात की आत डबा नेता येत नाही. नेता येतो. काचेची भांडी, मद्य आणि सुटा बर्फ चालत नाही, बाकी घरचे खाणे तपासणीतून सहज आत जाते. जेथे ग्लासात शीतपेये मिळतात, तेथे बर्फाचे पाणीही मागितल्यावर फुकट देतात. आम्ही दशम्या, धपाटे, लसणाची चटणी, चिवडा आणि नुकत्याच झालेल्या संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या घेऊन निघालो होतो. २५ जानेवारीला षट्तिला एकादशी होती. सासूबाईंनी आदल्या रात्री भिजवलेल्या साबुदाण्याची खिचडी सकाळी मायक्रोवेव्हमध्ये केली. ती जराशी गचका झाली, पण एपकॉट उद्यानातल्या तळ्याकाठच्या बाकावर बसून त्यांनी ती समाधानाने खाल्ली. दुपारचे जेवण चारही दिवस डब्यातले आणि रात्रीचे बाहेर, असा नियम ठेवला होता. साध्या काउंटरवरही माणशी बारा ते सोळा डॉलर सहज लागतात, त्या हिशेबाने डब्याने सव्वादोनशे डॉलर वाचवले. म्हणजे कार्डांच्या निव्वळ बचतीपेक्षा थोडे अधिकच!

रांगा टाळण्यासाठी जादा पैसे देऊन मिळणारे लायटनिंग लेन आम्ही घेतले नाही. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना उद्यान उघडण्यापूर्वी अर्धा तास प्रवेश मिळतो, आणि त्या अर्ध्या तासात सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनसारखी एखादी मोठी राइड उरकता येते. तिला ३८ इंच उंची लागत असल्याने धाकटी बसू शकत नव्हती. तेव्हा रायडर स्विच या मोफत सोयीने आधी मी मुलाला घेऊन बसले आणि मग नवरा, पुन्हा पूर्ण रांगेत न थांबता, त्याच मुलाला घेऊन बसला. मुलाच्या वाट्याला दोन फेऱ्या आल्या. त्या आठवड्यात फ्लोरिडात थंडी मात्र चांगलीच होती आणि स्वेटर घरी राहिल्यामुळे एक हुडी तेथे दुकानात घ्यावी लागली. तीही कार्डातूनच.

घरी परतलो तेव्हा कार्डांवर चारशेहून थोडे अधिक डॉलर शिल्लक होते. हा माझ्या अंदाजाचा दोष आहे. डिस्नेच्या गिफ्ट कार्डांना मुदत नसल्याने ते पैसे बुडालेले नाहीत, पण ते किराण्यालाही वापरता येत नाहीत. पुढच्या वेळी खोली आणि तिकिटे यांच्यापुरतीच कार्डे घेईन, खाण्यापिण्याचे पैसे साध्या खात्यात ठेवीन आणि हप्ते दहाऐवजी शेवटच्या तीन-चार महिन्यांतच भरीन. तूर्त त्या उरलेल्या कार्डावर मुलाने मार्करने स्वतःचे नाव लिहून ठेवले आहे.