दुकानातला माल कोण मोजणार: रोबो, कॅमेरा, आरएफआयडी की हातातला स्कॅनर?

मार्चअखेर आली की सुपरमार्केटचं शटर रात्री दहाला खाली येतं, पण आतले दिवे मालवत नाहीत. मालमोजणी असते. मी बरीच वर्षं दुकानांना बिलिंगचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बसवून देतो, त्यामुळे अशा रात्री पुष्कळ जागलो आहे. त्यातली एक चांगली लक्षात आहे. एका टूथपेस्टचे सिस्टीममध्ये ४६ नग होते. समोरून फळी गच्च दिसत होती, म्हणून मोजणाऱ्या मुलानं अंदाजानंच आकडा टाकायला घेतला. मी हात आत घातला, तर पुढच्या सात खोक्यांमागे नुसती धूळ. बाकीचा माल दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्याखाली मिळाला, डिटर्जंटच्या पोत्यांमागे, पेटीसुद्धा न फोडलेली. मालक तिथंच म्हणाले, “अमेरिकेत दुकानात फिरून माल मोजणारे रोबो आहेत म्हणे. आपण आणला तर?”

तेव्हा मी त्यांना धड उत्तर देऊ शकलो नाही. त्यानंतर जे वाचलं, पाहिलं आणि दुकानांत ताडून बघितलं, ते असाच निर्णय घ्यायला बसलेल्यांसाठी लिहितो आहे.

आधी दुखणं कुठलं ते ठरवा

स्टॉकची दुखणी दोन, आणि दोन्हींचं औषध वेगळं. पहिलं दुखणं म्हणजे माल दुकानात आहे, पण फळीवर नाही. गिऱ्हाईक परत जातं आणि पेटी गोदामात पडून राहते. दुसरं म्हणजे सिस्टीममधला आकडाच खोटा. सिस्टीम म्हणते १४ नग शिल्लक, म्हणून नवी ऑर्डर निघत नाही. प्रत्यक्षात एकही नाही.

पहिल्या दुखण्याबद्दल २००२ साली जगभरच्या पाहण्या एकत्र करून एक अभ्यास झाला. फळीवर माल नसण्याचं सरासरी प्रमाण त्यात ८.३ टक्के निघालं, आणि बहुतेक दोष पुरवठादाराचा नव्हता, दुकानातल्याच ऑर्डर देण्याच्या आणि फळी भरण्याच्या पद्धतीचा होता. दुसऱ्या दुखण्यावर निकोल डिहोरेशियस आणि अनंत रमण या अभ्यासकांचं २००८ चं संशोधन आहे. ३७ दुकानांतल्या जवळपास ३ लाख ७० हजार नोंदी त्यांनी तपासल्या. त्यातल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळल्या नाहीत.

आपल्याकडे आकडा खोटा कसा होतो ते बिलिंग काउंटरवर तासभर उभं राहिलं की कळतं. गिऱ्हाईक चार वेगळ्या वासांचे साबण आणतं, भाव सगळ्यांचा एकच. मागे रांग लागलेली असते, म्हणून कॅशियर चंदनाचा एक स्कॅन करतो आणि गुणिले चार मारतो. बिल बरोबर, गल्ला बरोबर. स्टॉकमध्ये मात्र चंदन तीन नगांनी खोटं कमी झालं; गुलाब, मोगरा आणि कडुनिंब एकेका नगानं खोटे जास्त राहिले. ही चूक जगातला कुठलाही रोबो थांबवत नाही. फार तर आठवड्याभरानं दाखवतो. तेव्हा पैसे कशावरही खर्च करायच्या आधी कॅशियरची ही सवय मोडा.

फिरता रोबो

या क्षेत्रातलं सगळ्यांत ओळखीचं नाव म्हणजे सिम्बी रोबोटिक्सचा टॅली. २०१५ मध्ये तो बाहेर आला. खाली चाकांची बैठक, वर उभा खांब आणि खांबावर वेगवेगळ्या उंचीला कॅमेरे. तो दुकानाचा नकाशा लक्षात ठेवतो, लेझरनं अंतर मोजत गल्ल्यांमधून फिरतो, माणूस आडवा आला की थांबतो आणि बॅटरी उतरली की आपणहून चार्जरला जाऊन लागतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या श्नक्स या किराणा साखळीनं २०१७ मध्ये त्याची चाचणी सुरू केली आणि २०२१ मध्ये तो सगळ्या दुकानांत नेण्याचं जाहीर केलं. बीजेज होलसेल या तिथल्याच साखळीनंही २०२३ मध्ये आपल्या सगळ्या दुकानांसाठी तो घेतला. म्हणजे हा प्रकार प्रयोगशाळेतला राहिलेला नाही, खरोखर चालतो.

पण तो नक्की काय करतो ते समजून घ्या, कारण ‘मोजणी’ हा शब्द इथे फसवा आहे. रोबो फळीचे फोटो काढतो. त्यावरून कुठली जागा रिकामी आहे, कुठलं लेबल चुकलं आहे आणि कुठला माल भलत्याच ठिकाणी ठेवला आहे, याची यादी बनते. त्याला दिसते ती मुख्यतः फळीची दर्शनी बाजू. माझ्या टूथपेस्टची फळी त्यानं ‘भरलेली’ अशीच नोंदवली असती. जिन्याखालची पेटी तर त्याला कधीच दिसली नसती. म्हणजे पहिल्या दुखण्यावर तो उत्तम, दुसऱ्यावर अर्धामुर्धा.

अमेरिकेत त्याचा जेवढा फायदा होतो, तेवढा आपल्याकडे होत नाही, याचं आणखी एक कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी कुणी करत नाही. तिथे एमआरपी नाही. भाव पाकिटावर छापलेला नसतो, फळीवरच्या लेबलवर असतो आणि तो सतत बदलतो. लेबलवर एक आणि बिलात दुसरा भाव निघाला तर गिऱ्हाईक भांडतं, काही राज्यांत दंडही होतो. रोज प्रत्येक लेबल तपासणारं यंत्र तिथे म्हणूनच मोलाचं. आपल्याकडे भाव पाकिटावरच असतो. आपली डोकेदुखी निराळी: एकाच बारकोडवर जुन्या आणि नव्या एमआरपीचा माल शेजारी शेजारी, आणि एक्स्पायरीची तारीख पाकिटाच्या मागे किंवा तळाला. यातलं काहीच रोबोच्या फोटोत धड येत नाही. सुट्या डाळ-तांदळाचं तर बोलायलाच नको.

वॉलमार्टचा अनुभव निर्णय घेणाऱ्यानं वाचायलाच हवा. २०१७ मध्ये त्यांनी बोसा नोव्हा कंपनीचे रोबो सुमारे ५० दुकानांत आणले. जानेवारी २०२० मध्ये १,००० दुकानांपर्यंत जायचं जाहीर झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करार संपवल्याची बातमी आली. तेव्हा सुमारे ५०० दुकानांत रोबो होते. रोबो बिघडले म्हणून हे झालं नव्हतं. कोविडमध्ये ऑनलाइन ऑर्डरी वाढल्या, त्या भरायला गल्ल्यांतून माणसं दिवसभर फिरू लागली आणि रिकाम्या फळ्या त्यांनाच दिसू लागल्या. गिऱ्हाइकांना रोबो पाहून काय वाटेल, ही चिंताही बातम्यांत आली होती. आपल्याकडे गल्लीत माणसं मुळातच जास्त असतात, आणि घरपोच ऑर्डरी भरणारी पोरं आता तालुक्याच्या गावातल्या दुकानातही दिसतात. वॉलमार्टला जे मागाहून उमगलं, ते आपण सुरुवातीलाच धरून चालायला हवं.

मला सगळ्यांत पटला तो वॉलमार्टच्याच सॅम्स क्लब या साखळीचा मार्ग. त्यांच्याकडे फरशी धुणारी स्वयंचलित यंत्रं आधीपासून होती. २०२२ मध्ये त्यांनी ब्रेन कॉर्प कंपनीचे कॅमेऱ्यांचे मनोरे त्याच यंत्रांवर चढवले, जवळपास ६०० दुकानांत. फरशी रोज धुवायचीच आहे, तेवढ्या फेरीत फळ्यांचे फोटोही निघतात. नुसत्या फोटोंसाठी वेगळं यंत्र पोसावं लागत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. स्टॉप अँड शॉप आणि जायंट या अमेरिकी दुकानांत २०१९ मध्ये आलेला, मोठ्या डोळ्यांचा उंच रोबो मार्टी मुख्यतः फरशीवर काही सांडलं आहे का ते बघायला आणला होता. त्याचा व्हिडिओ बघून माल मोजायला तसाच रोबो मागवाल तर फसाल.

जागेचाही प्रश्न आहे. अमेरिकेत चाकाच्या खुर्चीसाठी कायद्यानं किमान ३६ इंच मोकळी वाट सोडावी लागते, आणि मोठ्या दुकानांत गल्ल्या त्याहून पुष्कळ रुंद असतात. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गल्लीच्या मधोमध उटण्याची खोकी, सुगंधी तेलाचे गिफ्ट पॅक आणि रव्याच्या पिशव्यांची थप्पी असते. मोजणीची खरी गरज असते त्याच आठवड्यात रोबो अडून बसेल.

फळीसमोरचे कॅमेरे

समोरच्या रॅकवर छोटे कॅमेरे लावायचे आणि ठरावीक वेळानं फळीचा फोटो घ्यायचा, अशी ही पद्धत. फोकल सिस्टिम्ससारख्या कंपन्या हे करतात. रोबोवर यांची मात एकाच बाबतीत, पण ती मोठी आहे: रोबो दिवसातून दोन-तीनदा येतो, कॅमेरा तासातासाला बघतो. दूध, ब्रेड, अंडी आणि भाजीसाठी हाच वेग लागतो. गल्ली अडली तरी त्याचं काही बिघडत नाही.

मागची रांग त्यालाही दिसत नाही. शिवाय कॅमेरे पुष्कळ लागतात, रॅक हलवला की पुन्हा जुळवावे लागतात, आणि फोटोत गिऱ्हाइकांचे चेहरे येतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घेऊन, चेहरे साठवले जाणार नाहीत असं विक्रेत्याकडून लेखी घ्या. माझा सल्ला असा की सगळं दुकान झाकायच्या भरीला पडू नका. दुधाचा फ्रिज आणि भाजीचा कोपरा एवढं केलं तरी फरक दिसेल.

आरएफआयडी

हे तंत्र तुम्ही रोज वापरता. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा आहे: बॅटरी नसलेली चिप, लांबून येणाऱ्या रेडिओलहरींवर जागी होऊन आपला नंबर सांगणारी. कपड्याच्या लेबलात अशी चिप घातली की ती समोर दिसायचीही गरज उरत नाही. डेकॅथलॉनमध्ये बिल करताना आपण कपडे एका खोक्यात टाकतो आणि पडद्यावर यादी आपोआप उमटते, ते यामुळेच. झारा ब्रँडच्या इंडिटेक्स कंपनीनंही हाच रस्ता धरला.

माझ्या टूथपेस्टच्या गोष्टीत जिन्याखालची पेटी शोधू शकणारं हेच एक तंत्र. हातात रीडर घेऊन माणूस रॅकसमोरून चालत गेला की मागचे, घडीखालचे, गोणीतले नग वाजू लागतात. खऱ्या अर्थानं मोजणी म्हणावी ती हीच, कारण प्रत्येक नगाला स्वतःचा नंबर असतो. गुणिले चारचा घोळही मिटतो.

मग किराण्यात का नाही? एक म्हणजे पाणी आणि धातू. पाणी या लहरी शोषून घेतं, धातू परतवून लावतो. तेलाचे डबे, शीतपेयांचे कॅन, पाण्याच्या बाटल्या यांत वाचन डळमळतं. दुसरं म्हणजे प्रत्येक नगावर टॅगचे काही रुपये. आठशेच्या शर्टावर ते कळत नाहीत. दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यात सगळा नफा त्यातच जाईल. आरएफआयडी वाचत फिरणारे रोबोही आहेत, जर्मनीतल्या मेट्रालॅब्सचा टोरी त्यातलाच. पण दोन-तीन हजार चौरस फुटांच्या कपड्याच्या दुकानात एक माणूस आणि एक हातातला रीडर तेच काम थोड्या वेळात उरकतो.

हातातला स्कॅनर आणि रोजची थोडी मोजणी

यात नवल काही नाही, म्हणून लोक याकडे दुर्लक्ष करतात. मला मात्र याबद्दल कळकळीनं सांगायचं आहे, कारण मी ज्या दुकानांचं स्टॉक सुधारलेलं पाहिलं, त्यांतली बहुतेक याच वाटेनं गेली. वर्षातून एकदा सगळं मोजण्याऐवजी रोज थोडं मोजायचं. समजा दुकानात ८,००० प्रकारचा माल आहे. त्यातले ५०० सर्वांत जास्त खपणारे. दिवसाला ३५ मोजले तर साधारण पंधरवड्यात त्यांची एक फेरी होते. उरलेल्या ७,५०० पैकी रोज ६०, म्हणजे सव्वाशे दिवसांत तेही होतात. दिवसाला ९५ प्रकार. दुकान उघडायच्या आधी दोघांनी लागलं तर गर्दी सुरू होईपर्यंत संपतं. हात आत घालून मोजतात, म्हणून मागची पोकळी सापडते. पाकीट उलटून बघतात, म्हणून एक्स्पायरी आणि जुनी एमआरपीही हाती लागते.

उणीवही खरी आहे. माणूस कंटाळतो आणि अंदाज टाकतो. त्यावर उपाय असा की मोजणाऱ्याच्या स्क्रीनवर सिस्टीममधला आकडा दाखवायचाच नाही. आकडा समोर असला की हात आपोआप तोच टाकतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता नव्या दुकानात पहिल्याच दिवशी ती सोय बंद करून टाकतो.

मग घ्यायचं काय?

एक ते पाच किराणा दुकानं असतील तर रोबोचा विचार सध्या सोडा. स्कॅनर घ्या, फार तर दुधा-भाजीपुरते कॅमेरे. कपडे, चपला, खेळाचं साहित्य विकत असाल तर थेट आरएफआयडीकडे जा आणि पुरवठादाराकडूनच टॅग लावून मिळतात का ते विचारा. मोठ्या गल्ल्यांची, वीस-तीस हजार प्रकारांचा माल ठेवणारी साखळी असेल आणि फळी भरणारी माणसं कमी पडत असतील, तरच फिरत्या रोबोची चाचणी घ्या. त्यातही फरशी धुणारं यंत्र घेणारच असाल तर त्यावर कॅमेरे बसतात का ते आधी बघा. गोदामात उंच रॅकवर माल असेल तर ड्रोन हा वेगळा आणि चांगला पर्याय आहे. युरोपात आयकिया ते वापरतं.

चाचणी घ्यायची ठरलीच तर विक्रेत्याला सोयीच्या गल्ल्या निवडू देऊ नका. मसाल्याची, साबणाची आणि चिप्सची, अशा तीन गल्ल्या तुम्ही द्या. काळ गणपती ते दिवाळी यांमधला घ्या. रोबोची यादी आली की त्याच तासाला तुमचा माणूस हातानं मोजेल आणि दोन्ही कागद शेजारी ठेवाल. आणि यादीतल्या किती रिकाम्या जागा संध्याकाळपर्यंत खरोखर भरल्या गेल्या, तो आकडा वेगळा लिहून ठेवा. फळी भरायला माणूसच नसेल, तर सकाळची यादी रात्री जशीच्या तशी परत येईल.